न सांगण्याची नोकरी

आमच्या हॉस्पिटलात डोळ्यांचा विभाग आणि व्यसनमुक्तीचा विभाग शेजारी शेजारी आहेत आणि दोघांचं मागचं दार एकच आहे. हे कोणी ठरवून केलेलं नाही. जागा नव्हती म्हणून झालं. पण ठरवूनही जमली नसती अशी सोय झाली. आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस घरी "डोळे दाखवून येतो" एवढंच सांगून निघतो. डोळ्यांचे डॉक्टर मला चिडवतात, "बाई, आपल्या किनाऱ्यावर ऐन पंचविशीत सगळ्यांना मोतीबिंदू होतो, याचा कोणीतरी अभ्यास करायला हवा."

एकदा आंजर्ल्याहून एक आजी नारळ आणि डबाभर मोदक घेऊन आल्या. मुलाचे डोळे सुधारले म्हणून त्यांनी कड्यावरच्या गणपतीचा नवस फेडला होता आणि प्रसाद डॉक्टरांच्या हातात द्यायला एवढ्या लांब एसटीने आल्या होत्या. मुलगा आमच्याकडचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दारातून माझ्याकडे एक नजर टाकली, नारळ दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "आता त्याला स्वच्छ दिसतंय आजी. औषध तेवढं चुकवू नको म्हणावं." मोदक आम्ही दोन्ही विभागांनी मिळून संपवले.

आंजर्ल्याचा माणूस रत्नागिरीला का येतो, असं कोणाला वाटेल. वाटेत दुसरी हॉस्पिटलं नाहीत असं नाही. पण जवळच्या हॉस्पिटलात केसपेपर काढणारी बाई मावसबहिणीची जाऊ निघते. म्हणून दापोलीकडचा माणूस रत्नागिरीला येतो आणि रत्नागिरीचा कोल्हापूरला जातो. आजार एकच, फक्त एसटीचा प्रवास वाढतो.

मी या विभागात समुपदेशक आहे. लांज्याकडच्या आमच्या गावात मला "दारूवाली बाई" म्हणतात. सासऱ्यांना सुरुवातीला त्याचा फार त्रास व्हायचा. सून काय करते असं कोणी विचारलं की ते "हॉस्पिटलात असते" एवढं बोलून विषय भातलावणीवर न्यायचे. मला त्रास होत नाही. उलट मला या नोकरीचा गर्व आहे. सभ्य माणसं अभिमान म्हणतात, मी गर्वच म्हणते. दारू सोडायला लावणं हे माझं काम, असं लोकांना वाटतं. दारू ज्याची तो सोडतो. माझं खरं काम, तो सोडत असताना त्याच्याबद्दल कोणाला काही न सांगणं. पगार मला बोलण्याचा मिळतो, पण नोकरी ही न सांगण्याची आहे.

आता सांगते आहे ती हकीकत ज्याची आहे त्याला विचारूनच सांगते आहे. तो स्वतःच हल्ली जेटीवर चार माणसांत ती सांगतो, माझ्यापेक्षा जास्त मीठमसाला लावून. तरी मी नाव घालणार नाही, आणि काही खुणा बदलल्या आहेत. कोण असेल ते ओळखायच्या फंदात पडू नका. चुकाल.

कॉम्प्युटर येण्याआधी आमच्याकडे एक पद्धत होती आणि ती मी सुरू केली होती. आमची बसायची जागा म्हणजे एक अरुंद व्हरांडा. तिथे मोठ्याने नाव पुकारलं की डोळ्यांच्या रांगेतली माणसंही माना वळवायची. म्हणून मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायचे, एखादा मासा निवडा. तुम्हाला त्याच नावाने हाक मारीन. मिरकरवाडा बंदरातली माणसं, त्यांना हा खेळ फार आवडला. "हलवा, आत या." "बांगडा आलाय का?" एकाने पापलेटच पाहिजे म्हणून हट्ट धरला, दुसरं काही त्याच्या इभ्रतीला शोभेना. सुरमईवरून दोघांचं चांगलं वाजलं, शेवटी एकाला मोठी आणि एकाला छोटी सुरमई केलं. राजापूरकडचे एक बागायतदार म्हणाले, "आम्ही मासे खात नाही. मला पायरी म्हणा." मी म्हटलं, हापूस का नाही? तर म्हणाले, "हापूस म्हटलं की सगळे वळून बघतील."

माशाच्या नावाने कागद, कागद कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. कोण मासा कुठला माणूस, ते मला आणि आमच्या डॉक्टरांना माहीत. गावठी कारभार होता, पण त्यातून कधी काही बाहेर गेलं नाही.

मग कॉम्प्युटर आला. म्हणजे होताच, पण तो आता सगळ्या विभागांचा एक झाला. पुण्याहून एक तरुण मुलगा शिकवायला आला होता, हुशार आणि नम्र. पडद्यावर एका पेशंटचं पान उघडून तो म्हणाला, "मॅडम, आता एका क्लिकवर सगळं दिसेल."

मी विचारलं, "कोणाला?"

"सगळ्यांना," तो आनंदाने म्हणाला.

त्याच्या आनंदावर मी पाणी ओतलं. दात काढायला आलेल्या माणसाची दारूची औषधं दातांच्या डॉक्टरांच्या मदतनिसाला कशाला दिसायला हवीत? एक्स-रे काढणाऱ्याला? बिल करणाऱ्याला? आमच्या मोठ्या डॉक्टरांशी यावर माझी चांगली दोन-तीनदा जुंपली. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या काही पेशंटांना असं औषध असतं की पोटात दारू गेली, अगदी खोकल्याच्या औषधातून गेली, तरी जीव घाबरा होतो. असा माणूस बेशुद्ध होऊन तातडीच्या विभागात आला, तर तिथल्या डॉक्टरला हे समजायलाच हवं. मी म्हटलं, डॉक्टरला समजू दे. पण त्याच्या खांद्यावरून डोकावणाऱ्याला नको. त्या पुण्याच्या मुलाने शेवटी तोड काढली. आमच्या विभागाची पानं कुलुपात. पेशंटने संमती दिली तर उघडायची. जिवावरचा प्रसंग असेल तर डॉक्टरने कारण लिहून उघडायची, आणि कोणी कधी उघडली त्याची नोंद आपोआप राहायची. मुलगा जाताना म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार भांडता." मी त्याला कोकमाच्या दोन बाटल्या दिल्या.

कुलूप लागलं म्हणून मी निर्धास्त झाले. दाराकडे बघत बसलो आणि खिडकी उघडी राहिली, ती कोणाच्याच ध्यानात आली नाही.

मिरकरवाड्यात ज्यांची बोट आहे आणि ज्यांची नाही अशी दोन प्रकारची माणसं राहतात. ज्यांची नाही ते दुसऱ्याच्या बोटीवर जातात. बोट चालवणारा मुख्य माणूस म्हणजे तांडेल. कुठे जायचं, जाळं कधी टाकायचं, वारा फिरला तर कधी परतायचं, हे सगळं तो ठरवतो आणि बोटीवरच्या सगळ्यांचे जीव त्याच्या हातात असतात. बोट एकदा बाहेर गेली की कित्येक दिवस येत नाही. आत समुद्रात मोबाईलला रेंज नाही, आणि खाऱ्या पाण्यात तो टिकतही नाही. त्यामुळे बोटीवरच्या माणसाला कुठेही नंबर विचारला, गॅसवाल्याने, बँकेने, मुलाच्या शाळेने, तर तो बोटीच्या मालकाचा, म्हणजे शेठचा, नंबर देतो. मालकाचा फोन जेटीवर असतो, मालक निरोप ठेवतो, बोट लागली की सांगतो. हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की त्यात काही विचार करायचा असतो असं कोणाला वाटत नाही. शेठचा नंबर हा पाणवठ्यासारखा सगळ्यांचा.

आमचा हा पेशंट तांडेल होता. मूळचा बुरोंडीकडचा, मोसमात मिरकरवाड्यात खोली घेऊन राहणारा. माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याचे हात इतके कापत होते की पाण्याचा ग्लास मला धरावा लागला. नंतर त्याने दारू सोडली. सोडली म्हणजे खरोखर सोडली. घरातल्या लग्नात, होळीत, भावाच्या तेराव्याला, कुठेही नाही. दर काही आठवड्यांनी यायचा, औषध न्यायचा, जरा बसायचा, समुद्राबद्दल बोलायचा. बायकोलासुद्धा त्याने सांगितलं नव्हतं की मी हॉस्पिटलात जाऊन सोडतोय. तिला वाटायचं, नवसाने सुटली. "तिला नवसाचं वाटतंय तर वाटू दे," असं म्हणायचा. आमच्या पानावर एक रकाना असतो, आपल्याबद्दल कोणाशी बोललं तर चालेल. तिथे त्याने सांगितलं होतं, कोणाशीच नाही.

कॉम्प्युटर आल्यावर प्रत्येकाची नव्याने नोंदणी झाली. काउंटरवर विचारलं, मोबाईल? तो सवयीने शेठचा नंबर सांगून मोकळा झाला.

आणि कॉम्प्युटरने एक दिवस त्या नंबरावर मेसेज धाडला, तांडेलाच्या पूर्ण नावानिशी, की व्यसनमुक्ती विभागात आपली पुढची तपासणी अमुक वारी आहे, कृपया वेळेवर यावे. पान कुलुपात होतं. मेसेज वेगळ्या वाटेने गेला.

बोट तेव्हा समुद्रात होती. शेठ दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्याकडे आले, पुढच्या दाराने, पांढऱ्या कपड्यांत, ताठ. मिरकरवाड्यात त्यांना सगळे हाजीसाहेब म्हणतात. त्यांच्या बोटींवर दारू चालत नाही हे बंदरातल्या मांजरालाही माहीत होतं. लोक म्हणायचे, धार्मिक आहेत म्हणून. खरं कारण निराळं होतं आणि ते त्यांनीच मला सांगितलं. फार पूर्वी त्यांच्या एका बोटीवरचा खलाशी पिऊन पाण्यात पडला आणि सापडलाच नाही. त्याच्या आईला निरोप द्यायला हे स्वतः गेले होते.

"बाई, मी आडून बोलणारा माणूस नाय," ते म्हणाले. फोन माझ्यापुढे ठेवला. "हा माझा तांडेल. हा मेसेज तुमच्याकडून आलाय. तो पितो का? एवढंच सांगा. माझी माणसं त्याच्या भरवशावर आत गेली आहेत."

मी तो मेसेज वाचला. आधी कॉम्प्युटरचा राग आला, मग त्या पुण्याच्या मुलाचा, मग सगळ्या जगाचा. पण चेहरा मी हलू दिला नाही. म्हटलं, "हाजीसाहेब, इथे कोण येतं आणि कोण नाही, हे मी कोणालाच सांगत नाही."

"मेसेजात लिवलंय की."

"मेसेजबद्दल मी चौकशी करीन. माणसाबद्दल बोलणार नाही."

त्यांनी फोन उचलून खिशात घातला. "बाई, आमच्यात नाय असेल तर माणूस नाय म्हणतो. गप बसला म्हणजे हो."

"आमच्यात गप्प म्हणजे गप्प," मी म्हटलं. "आमच्या मोठ्या डॉक्टरांबद्दल विचारा, हेच उत्तर मिळेल."

हे मी तोऱ्यात म्हटलं खरं, पण आतून मी डगमगले होते. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्या घरचा माणूस त्या बोटीवर असता तर मीही हेच विचारायला धावले असते. आणि मला उत्तर माहीत होतं. चांगलं उत्तर होतं. तो पीत नाही, कितीतरी महिने पीत नाही, तुमच्या सगळ्या बोटींवर मिळून एवढा शुद्धीवरचा माणूस नसेल, असं एक वाक्य बोलले असते तर त्याची तांडेलकी वाचली असती आणि ते निर्धास्त घरी गेले असते. जिभेच्या टोकावर आलं होतं ते.

पण मग तो आमच्याकडे येतो हे मी सांगितल्यासारखंच झालं असतं. आणि आज मी ह्याच्याबद्दल चांगला आहे म्हणाले असते, तर उद्या ज्याच्याबद्दल गप्प बसेन तो वाईट ठरला असता. माझ्या गप्प बसण्याला किंमत आहे ती मी सगळ्यांबद्दल सारखी गप्प बसते म्हणून. चांगल्यासाठी एकदा तोंड उघडलं की संपलं. हे मला कोणी शिकवलेलं नाही, त्या खुर्चीवर बसून बसून कळलेलं आहे. मी तोंड मिटून बसले.

ते उठले. जाताना शांतपणे म्हणाले, "बोट लागली की मी त्याला उतरवणार. मग तुम्ही राहा गप."

मी उठून त्यांच्या मागे गेले, कारण ते बाहेर न जाता नोंदणीच्या काउंटरकडे वळले होते आणि तिथे कोण बसलंय ते मला माहीत होतं. त्यांची सख्खी भाची. नुकतीच कामाला लागलेली मुलगी. नोकरीसाठी त्यांनीच शब्द टाकला होता. आधीच्याच आठवड्यात मी तिला झापलं होतं, कारण तिने भर गर्दीत "व्यसनमुक्तीचे कोण आहेत, इकडे या" अशी हाक दिली होती. ती बिचारी तेव्हा रडवेली झाली होती. मला वाटलं, आता संपलं. माझ्या ओरड्यापेक्षा मामाचा शब्द केव्हाही मोठा.

मी खांबाआड नाही, चांगली समोर उभी राहिले. पण काही बोलले नाही. माझा तो अधिकारच नव्हता, बोलायचं तिने होतं.

हाजीसाहेबांनी तांडेलाचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "वायच बघ गो, हा कुठल्या डॉक्टरकडं येतो."

तिने त्यांच्याकडे बघितलं, पडद्याकडे नाही. "मामू, ते नाय सांगता येत."

"तुझ्या तिथं दिसतं ना?"

पान कुलुपात असलं, तरी कोणाला कुठल्या विभागात यायचंय ते काउंटरवर दिसतं; पण इथे ती खोटं बोलू शकली असती. दिसत नाही म्हणाली असती तर विषय मिटला असता, मामाही दुखावला नसता. ती म्हणाली, "दिसतं. पण ते तुमच्यासाठी नाय."

"अगो, मी मामू ना तुझा?"

"घरी आहात. इथं तुम्ही काउंटरच्या त्या बाजूला आहात."

"तुझ्या आईला फोन लावू?"

"लावा," ती म्हणाली. "अम्मीनं विचारलंन तरी नाय सांगणार." तिचा आवाज बारीक झाला होता आणि टेबलाखाली ओढणीचं टोक ती पिळत होती, ते मला माझ्या जागेवरून दिसत होतं. रांगेतली माणसं थांबली होती. हाजीसाहेबांनी फोन काढला, हातात धरून ठेवला, लावला नाही, आणि निघून गेले. ती मुलगी पुढच्या माणसाला म्हणाली, "हां काका, बोला, कोणाला दाखवायचंय?"

मला रडू आलं, हे सरळच सांगते. मी खोलीत जाऊन दार लावून रडले आणि तोंड धुऊन परत आले. मी इतकी वर्षं गप्प बसले त्यात माझं काय गेलं? माझा कोणी मामा समोर उभा नव्हता. ह्या पोरीला संध्याकाळी घरी जायचं होतं, त्याच मोहल्ल्यात, त्याच माणसांत. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, घरी काय झालं? म्हणाली, "अम्मी बोलत नाय माझ्याशी. बोलेल दोन दिवसांनी." दोनाचे पंधरा झाले, पण ती काउंटरवर रोज वेळेवर हजर असायची.

मधले दिवस वाईट गेले. तांडेलाला कळवायला हवं होतं आणि कळवायची वाट नव्हती. वायरलेसवरून बोटीशी बोलता येतं, पण वायरलेसवर बोललेलं आजूबाजूच्या सगळ्या बोटी ऐकतात. बायकोला फोन करायचा तर तिला काही ठाऊक नाही आणि त्याने सांगितलेलं, कोणाशीच नाही. ज्याच्यासाठी गप्प राहायचं, त्याचंच त्या गप्प राहण्याने नुकसान होत होतं. घरी मी विनाकारण सगळ्यांवर तडकत होते. नवरा म्हणाला, "काय झालंय ते सांगणार नाहीस, मग निदान चहा तरी नीट कर."

बोट लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी तांडेल माझ्यासमोर येऊन बसला. मी त्याला मेसेजबद्दल सांगायला तोंड उघडलं, तर हात वर करून म्हणाला, "सगळं कळलंय बाई. आधी माझं ऐका."

जेटीला बोट लागल्या लागल्या शेठने त्याला आत खोलीत बोलावलं होतं. तो सांगत होता, "दार लावून घेतलंन नि फोन माझ्या पुढ्यात धरलान. मी वाचलं. पायाखालची फळीच सरकली. वाटलं, सांगावं, मेसेज चुकून आलाय, ते माझं नाव नाय. मग म्हटलं, कशाला. मी काय चोरी केली? सगळं सांगितलं त्याला. पीत होतो, कसा पीत होतो, कधी सोडली, तुमच्याकडं येतो, गोळी घेतो. म्हटलं, शेठ, तुझी बोट मी त्याच्यानंतर किती वेळा बाहेर काढली, एकदा तरी तुला वेगळं दिसलं काय? दिसलं असेल तर उतरव."

"मग?"

"मग बोलला, ती बाई एवढं बोलली असती की तू चांगला आहेस, तर मी इतके दिवस झोपलो असतो. मी बोललो, शेठ, माझ्या बायकोला पण त्या बाईनं सांगितलं नाय. तुला काय सांगतील? तर गप बसला. मला वाटलं, आता बोलेल, सामान काढ. नि बोलतो काय, बर्फ किती भरणार?"

हे सांगताना तांडेल रडत होता आणि हसतही होता. मीही तेच करत होते. मासेमारीत ज्यांचं आयुष्य गेलं नाही त्यांना कदाचित समजणार नाही, पण बर्फ किती भरणार हे मालक फक्त तांडेलाला विचारतो. बोट कितीशी दूर जाणार आणि किती दिवस राहणार, ते ठरवणारा माणूस तू आहेस, असा त्याचा अर्थ. मला म्हणाला, "बाई, मी त्या खोलीतून बाहेर आलो ना, ते छाती पुढं काढून आलो." मी म्हटलं, मग आत्ताही तशीच काढून जा. गेला तसाच, पुढच्या दाराने.

मेसेजचं मी सोडलं नाही. मोठ्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्या काउंटरवरच्या मुलीलाही घेऊन गेले. पुण्याचा मुलगा फोनवर होता. त्याने सांगितलं, मेसेजातून विभागाचं नाव काढून टाकतो, फक्त हॉस्पिटलात आपली भेट आहे एवढंच जाईल. सगळे समाधानाने माना हलवायला लागले. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "पण सर, नाव काढलंत तरी मेसेज शेठलाच जाणार ना. आपण नंबर विचारतो, पण तो फोन कोणाच्या खिशात असतो ते विचारतच नाय."

फोनवरच्या त्या मुलाने तो प्रश्न लिहून घेतला. पुण्यात ज्याचा फोन त्याच्याच खिशात असतो, त्यामुळे त्या मुलाच्या हे डोक्यात यायचं काही कारण नव्हतं. आमच्याही आलं नव्हतं, आणि आम्ही जन्म इथे काढलेला. आता आमच्या काउंटरवर नंबर घेतल्यावर पुढचा प्रश्न हाच असतो, हा फोन कोणाच्या खिशात असतो? नवऱ्याच्या, सासूच्या, शेठच्या, शेजारच्या दुकानात, आखातात असलेल्या भावाच्या, असं काहीही उत्तर येतं. तसं असेल तर मेसेज जातच नाही, तारीख तोंडी सांगतो. क्षयरोगाच्या विभागाने हा प्रश्न आमच्याकडून उचलला, मग बायकांच्या विभागाने. आता तर पुण्याच्या त्या कंपनीने तो सगळीकडे घातला आहे म्हणे. हा प्रश्न मिरकरवाड्याच्या आमच्या पोरीचा आहे, हे मी भेटेल त्याला सांगते. तेवढी एक गोष्ट मात्र मी अजिबात गुप्त ठेवत नाही.

तांडेल अजून येतो, आता फार दिवसांनी. परवा आला होता. नेहमीसारखा समुद्राबद्दल बोलला, पोरीच्या बारावीबद्दल बोलला आणि मग खुर्ची जरा पुढे ओढून, आवाज खाली करून म्हणाला, "बाई, एक विचारू? बंदरात बोलतात, आमच्या शेठची गाडी हल्ली तुमच्या मागच्या दाराशी उभी असते. त्याचा धाकटा मुलगा कुवेतवरून आलाय, त्याचं काय बरोबर नाय म्हणतात. तुमच्याकडं येतात का ते? माझ्यावर त्याचे उपकार आहेत ओ. मला काय मदत करता आली तर, म्हणून विचारतोय."

वाईट हेतूने विचारत नव्हता तो. जीव तोडून विचारत होता. मी काही बोलले नाही. टेबलावरचं पेन उचललं, टोपण लावलं, त्याच्याकडे बघितलं.

मग हळूहळू त्याच्या तोंडावर हसू पसरलं. "म्हणजे माझ्या वेळी अशाच बसला होतात तुम्ही," तो म्हणाला. खुर्ची मागे सारून उठला, मला वाकून नमस्कार केला, आधी कधी केला नव्हता, आणि औषध घेऊन गेला.

शेठ येतात की नाही, ते मी तुम्हालाही सांगणार नाही.